मुलांचे बोट धरून पाहिलेले बँकॉक

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



'लहान मुले आणि परदेशप्रवास' असा विषय संयोजकांनी मला दिला. मी कला शाखेची पदवीधर. आयुष्यातील तीसेक वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत गेली. पर्यटनाचे शास्त्र वगैरे मला अवगत नाही. डिसेंबर महिन्यात मुलगी, जावई आणि दोन नातवंडे यांच्यासमवेत बँकॉकला सात दिवस राहण्याचा योग आला. नातू आठ वर्षांचा, नात पाच वर्षांची. आजी म्हणून जे पाहिले आणि पत्रकाराच्या सवयीने जे टिपून ठेवले, तेवढ्याच शिदोरीवर आज बोलणार आहे.

बँकॉक हा शब्द उच्चारताच सभागृहात थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली. आम्ही निघालो तेव्हाही हेच झाले. "बँकॉकला? आणि मुलांना घेऊन?" असा प्रश्न किमान दहा जणांनी विचारला असेल. आपल्याकडे या शहराकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक वर्ग नाक मुरडतो. दुसरा वर्ग मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन जातो, चार दिवस मॉलमध्ये काढतो आणि भरलेल्या बॅगा घेऊन परततो. या दोन्ही वर्गांना ते शहर भेटत नाही. लहान मुलांबरोबर गेले तर मात्र ते भेटू शकते, असा माझा अनुभव आहे; पण त्यासाठी आपल्याला एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते.

अतिथीला देव मानावे, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. यजमानाने कसे वागावे, हे त्यात आले. पण देव मानल्या गेलेल्या त्या अतिथीने कसे वागावे? दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून जाताना आपण मुलांना सांगतो की, हट्ट करू नकोस, पानात टाकू नकोस, मोठ्यांना नमस्कार कर. दुसऱ्याच्या देशात पाय ठेवताना हेच आपण विसरतो. तिथे आपण गिऱ्हाईक होतो आणि मुलांनाही गिऱ्हाईक करतो. मुलांबरोबर परदेशी जायचे ते त्यांना पाहुण्याचा धर्म शिकवण्यासाठी, हे मला आज सांगायचे आहे.

नावापासून सुरुवात

मुंबईहून बँकॉक विमानाने साडेचार तासांच्या आसपास. तिथले घड्याळ आपल्या दीड तास पुढे. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. २००६ साली तो सुरू झाला. परतताना प्रस्थानाच्या बाजूला समुद्रमंथनाचे भव्य शिल्प दिसते. मंदराचल, त्याला गुंडाळलेला वासुकी, एकीकडे देव, एकीकडे असुर आणि मधोमध विष्णू. परतीच्या विमानाच्या घाईत असलेली माणसे तिथे क्षणभर थबकतात, आणि लहान मूल असेल तर त्याला ती गोष्ट सांगण्यासाठी आजी-आजोबांना याहून चांगला फळा मिळणार नाही.

बँकॉक हे नाव परक्यांच्या तोंडचे आहे. तिथले लोक आपल्या शहराला क्रुंग थेप म्हणतात. क्रुंग म्हणजे राजधानी आणि थेप म्हणजे देव. देवांची नगरी. शहराचे संपूर्ण औपचारिक नाव तर जगातील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले आहे. त्यात महानगर आहे, रत्न आहे, अयुध्या आहे, नवरत्न आहे, राजधानी आहे, विमान आहे, अवतार आहे. इंद्राने दिलेली आणि विश्वकर्म्याने उभारलेली नगरी, असा त्या नावाचा शेवट. थाई उच्चारांत हे शब्द चटकन ओळखू येत नाहीत. ते ओळखण्याचा खेळ आम्ही मुलांबरोबर खेळलो आणि रस्त्यावरच्या कंटाळ्याचा प्रश्न सुटला. आहारासाठी आहान, भाषेसाठी फासा, गुरूसाठी ख्रू, नगरासाठी नखॉन. दूरध्वनीसाठी थोरसाप म्हणतात, त्यात 'दूर' आणि 'शब्द' लपले आहेत, हे कळल्यावर नातू दिवसभर जावयाच्या मोबाइलला दूरशब्द म्हणत होता.

शहराचा इतिहास मुलांना कळेल इतका थोडक्यात सांगता येतो. जुनी राजधानी अयुध्या. तिचे नाव आपल्या अयोध्येवरून. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ साली चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर नवी राजधानी वसवली. या घराण्यातील राजांना 'राम' असे अभिधान आहे. आजचे राजे दहावे राम आहेत.

घाई करणाऱ्याला हे शहर नाही

आता थोडे व्यवहाराचे बोलू. प्रवासी कंपन्यांचे कार्यक्रमपत्रक पाहिले तर एका दिवसात पाच ठिकाणे असतात. पाच वर्षांच्या मुलासाठी ही शिक्षा आहे. बँकॉक हे उष्ण, दमट आणि गर्दीचे शहर आहे. पदपथ अरुंद, मध्येच खाद्यपदार्थांची गाडी, मध्येच विजेचा खांब, आणि कित्येकदा पदपथावरूनच दुचाकी येते. ढकलगाडी घेऊन चालणे जिकिरीचे होते. दिवसाला एकच मुख्य ठिकाण ठेवावे आणि तेही सकाळी. अकरा वाजले की सावलीत परतावे, दुपारी मुलांना झोपू द्यावे आणि चारनंतर पुन्हा निघावे. दीड तासाच्या फरकामुळे मुले पहिले दोन दिवस सकाळी उठत नाहीत आणि रात्री झोपत नाहीत, हेही गृहीत धरावे.

ऋतूचा विचार तितकाच महत्त्वाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात सुखाचे महिने. आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे एप्रिलमध्ये, तिथे उन्हाळा कडक असतो. मात्र १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान हा नववर्षाचा सण येतो. तो शब्द आपल्या संक्रांतीचाच. घरोघरी वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात आणि रस्त्यावर एकमेकांना चिंब भिजवतात. २०२३ साली युनेस्कोने आपल्या वारसा यादीत त्याचा समावेश केला. हिवाळ्याचीही एक बाजू आहे. जानेवारीच्या सुमारास हवेतील सूक्ष्म धूलिकण वाढतात. जानेवारी २०२५मध्ये त्यापायी तिथल्या शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे, त्याच्या पालकांनी तारखा ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. १ मे २०२५पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनपत्र संगणकावर आधीच भरावे लागते, तान्ह्या मुलाचेही. व्हिसाचे नियम मात्र वरचेवर बदलतात, म्हणून ते निघण्यापूर्वी दूतावासाकडूनच पडताळून घ्यावेत.

शहरातील वाहतूककोंडी कुप्रसिद्ध आहे. टॅक्सीत तासभर अडकलेले मूल काय करते, हे मी सांगायला नको. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला, रस्त्याच्या डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन. ती ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली; २००४ साली भुयारी रेल्वे आली आणि २०१९मध्ये ती राजवाड्याच्या परिसरापर्यंत पोहोचली. या गाड्यांत मला एक गोष्ट फार भावली. लहान मूल दिसले की माणसे उठून जागा देतात. म्हाताऱ्यांसाठी, गर्भवतींसाठी आणि भिक्खूंसाठी राखीव जागा असतात. तशीच पाटी नसलेल्या जागेवरची तरुण मुलेही उठतात. आम्ही नातवंडांना सांगितले की, जागा मिळाली तर आधी हात जोडायचे, मग बसायचे.

दुसरा उपाय नदीचा. चाओ फ्रायावरून प्रवासी बोटी दिवसभर ये-जा करतात. वारा असतो, पाणी असते, दोन्ही तीरांवर मंदिरांची शिखरे दिसतात आणि मुलांना बसल्या जागी सारे शहर दिसते. सेन सेप कालव्यातील बोटी वेगवान असल्या तरी त्यांत उडी मारल्यासारखे चढावे-उतरावे लागते, घाण पाण्याचे तुषार उडतात. लहान मुलांना घेऊन तिथे जाऊ नये. टुकटुकमध्ये पट्टा नसतो. मुलांच्या हौसेखातर एखादी छोटी फेरी गल्लीबोळातून मारावी, हमरस्त्यावर नको.

एकशे आठ वाट्या आणि पांढरा हनुमान

वाट फो या मंदिरात पहुडलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच सुवर्णमूर्ती आहे. महापरिनिर्वाणाच्या वेळचे हे रूप. तळपायांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हे जडवली आहेत. मूर्तीच्या मागच्या बाजूला भिंतीलगत काशाच्या १०८ वाट्या ओळीने मांडलेल्या. थोडे पैसे देऊन सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येक वाटीत एकेक टाकत पुढे जायचे. साऱ्या दालनात तो किणकिणाट भरून राहिलेला असतो. आमच्या नातीला आकडे शंभरापर्यंत येतात. शंभराव्या वाटीशी ती थांबली आणि पुढचे आकडे तिने तिथेच, दादाकडून शिकून घेतले. एकशे आठ का, हा प्रश्न आला तेव्हा जपमाळेचे उत्तर माझ्याजवळ तयार होतेच.

त्याच धक्क्यावरून होडीने काही मिनिटांत पलीकडे वाट अरुणला जाता येते. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी. उंच शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे बसवून फुले साकारली आहेत. फुटक्या कपबशांतून एवढे सौंदर्य उभे राहते, हे मुलांना लगेच पटते. पायऱ्या मात्र फार खड्या आहेत. मुलांनी खालूनच पाहावे.

आता राजवाडा. त्याच्या आवारात वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाचे मंदिर. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले असल्याशिवाय प्रवेश नाही. दारातच वादावादी करणारे पर्यटक आम्ही पाहिले. मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकियन, म्हणजे त्यांचे रामायण, १७८ चित्रचौकटींत रंगवले आहे. पहिल्या रामाच्या कारकिर्दीत १७९७ साली या काव्याची प्रमाण संहिता सिद्ध झाली. चित्रांची सुरुवात जनकाला सीता सापडते तिथून होते. सारी चित्रे पाहू नयेत, मुले थकतात. आम्ही वीस-पंचवीस पाहिली असतील.

तिथला हनुमान पांढराशुभ्र आहे. आपल्या शेंदरी मारुतीची सवय असलेल्या मुलांना आधी तो ओळखूच आला नाही. एका चौकटीत त्याने एवढे प्रचंड रूप घेतले आहे की रामाचा सारा निवास त्याने तोंडात धरला आहे. पाताळातला मैयराब रामाला पळवू पाहतो म्हणून हा पहारा. नातू हरखून गेला. पुढे दुभाष्याने सांगितले की त्यांच्या कथेत हनुमानाला पत्नी आहे, आणि समुद्रातील मत्स्यकन्येपासून झालेला मच्छानू नावाचा मुलगाही आहे. इथे गाडी अडली. नातवाने माझा हात ओढला आणि रागाने विचारले, "आजी, मारुती तर ब्रह्मचारी आहे ना? मग यांनी चुकीचं का काढलंय? तू यांना सांग ना!"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न लहान मुलाचा असला तरी लहान नाही. तिथे तीन उत्तरे देता आली असती. 'होय, यांनी आपले रामायण बिघडवले' हे एक. 'गोष्टीच आहेत त्या, काहीही असते' हे दुसरे. पहिल्याने मुलाच्या मनात तुच्छता रुजली असती आणि दुसऱ्याने त्याची श्रद्धा उगाच दुखावली असती. मी त्याला मकरध्वजाची गोष्ट विचारली. अहिरावण-महिरावण रामलक्ष्मणांना पाताळात नेतात, मारुती पाठोपाठ जातो, दारावर त्याला एक वीर अडवतो आणि तो निघतो मारुतीच्याच घामाच्या थेंबातून मासोळीच्या पोटी जन्मलेला मकरध्वज. ही गोष्ट त्याला ठाऊक होती. म्हटले, "मैयराब म्हणजे आपला महिरावण. मच्छानू त्याच्याच दारावर पहारा करतो आणि मारुतीला अडवतो. ओळखलंस का त्याला?" त्याचे डोळे विस्फारले. मग सांगितले, "गोष्ट समुद्र ओलांडून आली, इथल्या आज्यांनी ती इथल्या मुलांना त्यांच्या पद्धतीने सांगितली. आपल्या घरी आपला मारुती ब्रह्मचारीच. यांच्या घरी आपण यांची गोष्ट ऐकायची."

आपल्याकडेही वाल्मीकींचे रामायण वेगळे, एकनाथ महाराजांचे भावार्थ रामायण वेगळे, श्रीधरांच्या रामविजयाची गोडी आणखी वेगळी. मराठी माणसाने मराठीतून राम आपलासा केला, तसा थाई माणसाने थाईतून. त्यांचा रावण थोत्सकान, म्हणजे दशकंठ. त्यांची मुखवट्यांची खोन नृत्यनाट्ये याच कथेवर उभी आहेत आणि २०१८ साली त्यांनाही युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

'हे सगळे आपलेच' या सुखाचा मोह

इथे मला जरा परखड बोलावे लागेल. आपण तिथे जातो, गरुड पाहतो, ब्रह्मदेव पाहतो आणि अभिमानाने म्हणतो, हे सगळे आपलेच! अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटला. गरुड तर थायलंडचे राष्ट्रचिन्ह आहे. सरकारी कचेऱ्यांवर, नोटांवर, बँकांच्या दर्शनी भागावर तो दिसतो. आमच्या मुलांनी एका दिवसात चाळीस गरुड मोजले. राचप्रसाँग चौकात, मॉलच्या आणि हॉटेलांच्या गराड्यात, १९५६ साली स्थापन झालेली चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ती आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे कचेरीला जाणाऱ्या मुली झेंडूच्या माळा घेऊन रांगेत उभ्या असतात. त्याच चौकाच्या आसपास इंद्र, लक्ष्मी, गणपती आणि गरुडारूढ नारायण यांचीही स्थाने आहेत.

पण त्या मुली बौद्ध आहेत. त्या देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बौद्ध आहेत आणि ब्रह्मदेवाला ते स्वतःच्या रीतीने, स्वतःच्या भाषेत नमस्कार करतात. शेकडो वर्षे त्यांनी हे सांभाळले, ते आपल्याकरिता राखून ठेवलेली ठेव म्हणून नव्हे. ते त्यांचे झाले म्हणून टिकले. दुसऱ्याच्या देवघरात शिरून 'ही मूर्ती मूळची आमची' असे म्हणणारा पाहुणा आपल्याला चालेल का? नात्याचा आनंद जरूर मानावा, मालकी सांगू नये.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे साओ चिंग चा, तो प्रचंड झोपाळा. वाट सुथातसमोर सागवानाचे लाल रंगाचे उत्तुंग खांब उभे आहेत. १७८४ साली ते प्रथम उभारले गेले आणि जवळच देवस्थान हे राजब्राह्मणांचे मंदिर स्थापन झाले. तिथे शिव, गणेश आणि विष्णू यांची तीन देवळे आहेत. पूर्वी शंकराच्या उत्सवात तरुण या झोपाळ्यावरून उंच झोके घेत आणि उंचावर बांधलेली नाण्यांची पिशवी दातांनी पकडत. अपघातांमुळे १९३५ साली तो खेळ बंद झाला. त्या उत्सवाचे नाव त्रियम्पवाय. तमिळ शिवभक्तांच्या तिरुवेंपावै या नावाशी अभ्यासक ते जोडतात. जुने लाकूड जीर्ण झाले तेव्हा २००७ साली नवे सागवानी खांब उभारण्यात आले. झोपाळा हलत नाही, झोके घेणारे कोणी नाही, तरीही त्यांनी तो पुन्हा उभा केला. आपल्या गावातील पडके वाडे आणि बुजलेल्या बारवा मला त्या खांबांखाली उभे असताना आठवल्या. अभिमानाने मिरवण्यापूर्वी शिकण्यासारखे ते एवढे तरी आहे.

मुलांना शिकवण्याच्या गोष्टी

मंदिरात उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. पादत्राणे बाहेर. बसताना तळपाय मूर्तीकडे किंवा माणसाकडे करायचे नाहीत. कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. स्त्रियांनी, मुलींनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. यातील बरेचसे आपल्या घरात आजी सांगतच असते. फक्त तिथे ते पाळले जाते. भेटल्यावर हात जोडून 'सवात्दी' म्हणायचे. हा शब्द संस्कृत 'स्वस्ति'वरून घेतला आहे. तो फार जुनाही नाही. चुलालोंगकोर्न विद्यापीठातील एका भाषापंडितांनी १९३०च्या दशकात तो रूढ केला. 'हॅलो' म्हणण्याऐवजी आपल्या मुळातून शब्द घडवावा आणि तो साऱ्या देशाने स्वीकारावा, हे मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या आपण सर्वांनी लक्षात घ्यावे.

खाण्याच्या बाबतीत आमचा एक नियम होता. 'शी' हा शब्द मुंबईच्या विमानतळावरच ठेवून निघायचे. रस्त्यावर तळलेले किडे दिसतील, टांगलेले बदक दिसेल. खायचे नसेल तर खाऊ नये, पण ज्याच्या ताटात ते आहे त्याच्यासमोर नाक मुरडायचे नाही. शाकाहारी कुटुंबांची सोय होते. पिवळ्या पताकेवर लाल रंगात, इंग्रजी सतरा आकड्यासारखे दिसणारे अक्षर असले की ते 'जे' पद्धतीचे अन्न. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसते, इतकेच काय कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी माशाचा अर्क घातलेला असतो, हे ध्यानात ठेवून 'माय साय नाम प्ला' म्हणावे. 'माय फेत' म्हणजे तिखट नको. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा मुलांना हमखास आवडतो. पहुरात भागात गुरुद्वारा आहे. तिथल्या लंगरात पंक्तीला बसलेल्या आमच्या नातीने घरी खात नाही इतकी डाळ खाल्ली.

सुरक्षिततेचे दोन शब्द. प्रत्येक मुलाच्या खिशात थाई लिपीतील हॉटेलचा पत्ता आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड ठेवावे. चतुचकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात हजारो दुकाने आहेत. शिरतानाच मधला घड्याळाचा मनोरा मुलांना दाखवून 'चुकामूक झाली तर इथे' असे ठरवावे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, वैद्यकीय मदतीचा १६६९. भटक्या कुत्र्या-मांजरांना हात लावू देऊ नये. साखळदंडात बांधलेल्या वाघाशेजारी छायाचित्र काढणे, हत्तीवरून फेरी मारणे हे करमणुकीचे प्रकार मुलांना दाखवूच नयेत. त्यापेक्षा थाई रेडक्रॉसच्या सर्पोद्यानात न्यावे. तिथे सापांच्या विषापासून प्रतिविष कसे बनते ते समजते.

लुंफिनी उद्यान हे आमच्या मुलांचे सर्वांत लाडके ठिकाण ठरले. नाव बुद्धजन्माच्या लुंबिनीवरून. तळ्याकाठी हातभराहून लांब पाणघोरपडी बिनधास्त फिरतात. "ही तानाजीची यशवंती का?" असे नातवाने विचारले आणि सिंहगडाची आख्यायिका मला त्या परक्या तळ्याकाठी सांगावी लागली. संध्याकाळी सहा वाजता ध्वनिक्षेपकावर त्यांचे राष्ट्रगीत सुरू झाले. धावणारे थांबले, व्यायाम करणारे थांबले, बाकावरची म्हातारी उठून उभी राहिली. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता हे होते. आमची मुले काही न सांगता सरळ उभी राहिली. नातीने हळूच विचारले, "आजी, आपलं गाणं नाहीये, तरी उभं राहायचं?" मी म्हटले, "ज्यांचं आहे त्यांच्या अंगणात आपण उभे आहोत ना?"

नाक मुरडणाऱ्यांसाठी

आता सुरुवातीच्या खसखशीकडे वळते. बँकॉकमध्ये बदनाम वस्त्या आहेत, हे खरे. पॅटपाँग, नाना, सोई काउबॉय ही त्यांची नावे. मुलांबरोबर जाणाऱ्यांनी हॉटेल निवडताना हे भाग टाळावेत. नदीकाठ किंवा लुंफिनीचा परिसर बरा. पण ही ख्याती आली कोठून? १९६७ साली अमेरिका आणि थायलंड यांच्यात करार झाला आणि व्हिएतनाममध्ये लढणारे अमेरिकी सैनिक विश्रांतीसाठी इथे येऊ लागले. त्यांच्या मागणीवर या बाजाराची मोठी वाढ झाली. युद्ध संपले, सैनिक गेले, आणि त्यांच्या जागी जगभरचे पर्यटक आले. त्यांत आपल्या देशातून जाणारे पुरुषांचे घोळकेही आहेत. शहराकडे बोट दाखवून हसणाऱ्यांनी हे गिऱ्हाईक कुठले, याचाही विचार करावा. तिथली एक गरीब मुलगी ज्या परिस्थितीत त्या दुकानात उभी असते, त्या परिस्थितीवर हसणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, कुटुंबांनी अशा शहरांत जावे. मुलांना घेऊन जावे, आजी-आजोबांनी जावे. गोष्टी सांगणारे वडीलधारे माणूस सोबत असले तर मुलांना परका देश परका वाटत नाही, आणि तो आपलीच जहागीर आहे असेही वाटत नाही. तेथील वाहनचालक, खाणावळीची मालकीण, रेल्वेत जागा देणारा विद्यार्थी, या सर्वांना भारतातून आलेला पाहुणा कसा असतो, हे आपल्या मुलांच्या वागण्यातून कळते. चार खोल्यांच्या घरात आलेला पाहुणा आणि दुसऱ्या देशात गेलेला पाहुणा, दोघांची परीक्षा एकच असते. निघून गेल्यावर यजमानाला हायसे वाटते की पुन्हा या असे वाटते, एवढेच तिथे पाहिले जाते.

येत्या सुट्टीत आपल्यापैकी काही कुटुंबे अशा प्रवासाला निघतील. त्यांनी दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, पिशवीत पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि मुलांच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा. खरेदी राहिली तर राहू द्यावी.